लग्नाच्या सीडीतली डॅट फाइल कशी उघडायची?

प्रश्न
दादाच्या लग्नाच्या, 2004 सालच्या, दोन सीड्या आईच्या कपाटात साड्यांखाली सापडल्या. मैत्रिणीकडून सीडी ड्राइव्ह आणून लॅपटॉपला जोडला. ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘एव्हीएसईक्यू01.डॅट’ अशी एकच मोठी फाइल आहे, 600 एमबीच्या आसपास. क्लिक केलं की विंडोज विचारतं, कशाने उघडू? नोटपॅडने उघडायला गेले तर लॅपटॉपच अडकला. शोधलं तर कुणी म्हणतं डॅट म्हणजे ईमेलची फाइल, कुणी म्हणतं गेमची. मंगलाष्टकं बाबांनी स्वतः म्हटली होती. ते 2011 मध्ये गेले, त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. त्यामुळे काही करायला हात धजावत नाही.

उत्तर
ताई, सीडीवरची फाइल नुसती उघडून बिघडत नाही, निर्धास्त राहा. डॅट म्हणजे फक्त ‘डेटा’. ते नाव कुणीही कशालाही देतं. आउटलुकच्या मेलबरोबर येणारी विनमेल.डॅट वेगळी, तुमची वेगळी. अशा वेळी फाइल कुठल्या फोल्डरमधून आली ते बघायचं. एमपीईजीएव्ही फोल्डर असला की ती व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी, आणि आत एमपेग-1 या जुन्या प्रकारातला व्हिडिओ. आधी फाइल लॅपटॉपवर कॉपी करा, मग व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर उघडून त्यात ओढून टाका.

आणखी एक उत्तर
खात्री करायची तर कॉपी केलेली फाइल एचएक्सडीसारख्या हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडा. अगदी सुरुवातीला ‘आरआयएफएफ’ आणि थोडं पुढे ‘सीडीएक्सए’ ही इंग्रजी अक्षरं दिसली की व्हीसीडीच. नाव बदललं तरी ही अक्षरं बदलत नाहीत.

प्रश्नकर्ती
दोन्ही अक्षरं दिसली! पहिली सीडी लागली, हळद आणि सीमांतपूजन पूर्ण आहे. पण मंगलाष्टकं दुसरीत आहेत, आणि ती कॉपी होताना मध्येच ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ म्हणून थांबते.

उत्तर
म्हणजे सीडीचा काही भाग नीट वाचला जात नाहीये, बहुधा ओरखडा आहे. डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे सीडीवरच्या छोट्या कप्प्यात, 2048 बाइट माहिती असते आणि चुका दुरुस्त करायला जादा बाइट राखलेले असतात. व्हीसीडीत व्हिडिओला जास्त जागा मिळावी म्हणून ती राखीव जागाही वापरतात, सेक्टरला 2324 बाइट. म्हणून ओरखडा तिला जास्त नडतो. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. एकाला न वाचलेली सीडी दुसरा वाचतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. तरीही अडलं तर आयसोबस्टर हा प्रोग्रॅम वापरा, तो खराब सेक्टर सोडून पुढचं काढतो.

प्रश्नकर्ती
शेजारच्या काकांच्या जुन्या डेस्कटॉपने वाचली. मध्ये थोडा वेळ चित्र चौकोन चौकोन होतं, आवाज मात्र तुटत नाही. ‘तदेव लग्नं’ म्हणताना बाबांचा गळा दाटून आला होता, तेवढ्यात मामांनी सूर धरला. हे मी पार विसरले होते. आईने तेवढा भाग तीनदा लावायला सांगितला. दादाला फोनवर पाठवायला हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅमने एमपी4 करतेय. मूळ डॅट दोन पेनड्राइव्हवर ठेवली आहे.