बी.कॉम. आणि सीए एकाच वेळी: नागपूरकरांनो, अनुभव टाका

खतावणी
शेजारच्या मुलीने काल विद्यापीठाचं आणि आयसीएआयचं (सीएची परीक्षा घेणारी संस्था) अशी दोन्ही वेळापत्रकं टेबलावर पसरली आणि जुनं सगळं आठवलं. पण आपल्या वेळचं सांगून तिचा काही फायदा नाही, २०२३ पासून योजनाच नवी आहे. म्हणून हा धागा. 'मेहनत घे बेटा' छाप काही नको, नेमकं लिहा.

सुरुवात मी करते. फाउंडेशन (सीएची पहिली परीक्षा) आणि इंटर (दुसरी) आता वर्षातून तीनदा होतात: जानेवारी, मे, सप्टेंबर. बारावीनंतरच्या सप्टेंबरला फाउंडेशन द्यायची तर १ मेच्या आत नोंदणी हवी. बारावीच्या निकालासाठी थांबायचं कारण नाही, नोंदणी दहावीनंतरच करता येते. पास झालात की १ जानेवारीच्या आत इंटरची नोंदणी, कारण तिथे आठ महिने अभ्यासाचे धरतात. म्हणजे इंटर येते पुढच्या सप्टेंबरला, बी.कॉम.च्या तिसऱ्या सेमिस्टरमध्ये. ही एक जानेवारी चुकली की गाडी थेट पुढच्या जानेवारीच्या परीक्षेवर.

धंतोलीचा_भाऊ
बरोबर. आणि आता इंटरचे दोन्ही ग्रुप (तीन-तीन पेपरचे) निघाल्याशिवाय आर्टिकलशिप, म्हणजे सीए फर्ममधली दोन वर्षांची उमेदवारी, नाही, हे पोरांना सांगून ठेवा. एक ग्रुप काढून फर्ममध्ये बसायचे दिवस गेले.

तर्रीपोहे
फाउंडेशन नाही निघाली तर काऊन रडायचं? कॉमर्सच्या पदवीला ५५ टक्के असले की डायरेक्ट एंट्री, फाउंडेशन माफ. बाकी शाखांना ६०. म्हणून बी.कॉम.ला 'फक्त पास होऊ' म्हणून राहिलेल्यांनो, ५४ वर अडकला तर तो रस्ता बंद.

जमाखर्च
दोन्ही ग्रुप एकदम द्यायचे की एक एक, हा वाद दर वर्षी असतो. हिशोब असा. प्रत्येक पेपरला ४० आणि ग्रुपला ३०० पैकी १५० लागतात. समजा पहिल्या ग्रुपला १४० आले आणि दुसऱ्याला १६५. वेगवेगळे दिले असते तर पहिला गेला. एकत्र दिले तर बेरीज ३०५, म्हणजे ६०० च्या निम्म्याहून जास्त, दोन्ही पास. पण सहापैकी एका पेपरला ३९ आले की हा आधार संपला, मग प्रत्येक ग्रुप आपापला.

दुसरं, सूट. एका पेपरला ६० आले आणि ग्रुप गेला, तर पुढच्या तीन परीक्षांना तो पेपर द्यावा लागत नाही. अट एकच, त्या ग्रुपचे सगळे पेपर दिलेले पाहिजेत. ऑडिट कच्चं म्हणून त्या दिवशी घरीच राहिलं की कॉस्टिंगच्या ६७ ची सूटही हातची गेली. १५ मार्कांचा पेपर लिहून या, पण बसा.

खतावणी
हे मोठ्या अक्षरात छापून क्लासच्या भिंतीवर लावा 😀

इतवारीकर
मे महिन्यात पेपर दुपारी २ ला. नागपुरात दुपारी २ ला!! पावणेदोनला वाचायला पेपर मिळतो, त्याआधी आत पाहिजे. पाण्याची बाटली, दुपट्टा.

तर्रीपोहे
आणि कांदा खिशात 😂

सहीशिक्का
आर्टिकलशिपच्या कागदांबद्दल कोणी बोलून नाही राहिलं. आधी आयसीआयटीएसएस, म्हणजे आयटी आणि ओरिएंटेशन असे पंधरा-पंधरा दिवसांचे दोन वर्ग. बॅचची सोय धंतोलीच्या आयसीएआय भवनात विचारा, इंटरच्या निकालानंतर गर्दी उसळते. मग करारनामा फॉर्म १०२ आणि नोंदणी फॉर्म १०३, तो ३० दिवसांत गेला पाहिजे. बी.कॉम. चालू असेल तर शिवाय फॉर्म ११२, दुसरा अभ्यासक्रम शिकायची परवानगी. त्यात कॉलेजची वेळ येते आणि प्राचार्यांची सही लागते. ही वेळ ऑफिसच्या वेळेवर चढली की अडचण, म्हणून सकाळच्या तुकडीतच प्रवेश घ्या. ११२ राहून गेला तर त्रास शेवटी होतो, दोन वर्षं पूर्ण दाखवायची वेळ आली की.

धंतोलीचा_भाऊ
रजा दोन वर्षांत मिळून २४. बी.कॉम.चे हिवाळी-उन्हाळी पेपर डोळ्यासमोर ठेवूनच खर्च करा. सप्टेंबरात टॅक्स ऑडिटच्या धामधुमीत रजा मागाल तर सरांचं तोंड बघण्यासारखं असते.

गांधीबाग_जीएसटी
बी.कॉम.च्या सवयीने इंटरचा पेपर लिहिणारे मार खातात. विद्यापीठात पानं भरली की मार्क पडतात. इथे लॉच्या प्रश्नाला आधी तरतूद, मग प्रश्नातल्या माणसाला ती कशी लागते ते, मग एका ओळीत निष्कर्ष. कलम नंबर पक्का आठवत नसेल तर लिहू नका, चुकीचा लिहिण्यापेक्षा 'कंपनी कायद्यानुसार' बरं. अकाउंट्सला वर्किंग नोटला नंबर द्या आणि तोच नंबर मुख्य खात्यातल्या आकड्यापुढे कंसात टाका. उत्तर चुकलं तरी तपासणाऱ्याला पायऱ्या सापडतात, त्यांचे मार्क मिळतात.

जीएसटीत क्रेडिटच्या (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीच्या) क्रमावर बहुतेक अडकतात. गांधीबागेतून रायपूरला कापड गेलं तर आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीवरचा), चंद्रपूरला गेलं तर सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा). आयजीएसटीचं क्रेडिट आधी आयजीएसटीवर, उरलं तर बाकी दोघांवर हव्या त्या प्रमाणात, आणि ते पूर्ण संपल्यावरच पुढचं. सीजीएसटीचं क्रेडिट एसजीएसटीला कधीच लागत नाही. तक्ता तीन उभ्या रकान्यांत मांडा, चूक लगेच दिसते.

जमाखर्च
+१. शिवाय सीनियरची जुनी टॅक्सची पुस्तकं फुकट मिळाली तरी घेऊ नका. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू, कलमांचे नंबरच बदलले. तुमच्या परीक्षेला कोणता कायदा धरलाय ते आयसीएआयच्या सूचनेत बघा आणि आरटीपी (आयसीएआयचे सरावाचे प्रश्न) सोडवा.

इतवारीकर
फाउंडेशनच्या ओएमआरचं (गोल रंगवायच्या पर्यायी प्रश्नांचं) कोणी सांगा. पोरगं विचारून राहिलं, ठोकायचं की सोडायचं?

गांधीबाग_जीएसटी
पेपर ३ आणि ४ ला चुकीच्या उत्तराला पाव मार्क जातो. चारपैकी एक पर्याय नक्की खोटा वाटला तर ठोका, सरासरीत फायदाच आहे. काहीच कळत नसेल तर फायदा नावापुरता, तिथे वेळ घालवू नका. इंटरला ३० मार्कांचे पर्यायी प्रश्न असतात, त्यात निगेटिव्ह नाही. तिथे कोरं सोडणं म्हणजे वेडेपणा.

सहीशिक्का
खतावणी ताई, त्या मुलीचं कॉलेज कुठलं? काँग्रेसनगरकडे असेल तर मेट्रोने सीताबर्डी, आणि ऑफिस हिंगणा रोडला असेल तर तिथेच गाडी बदलायची.

खतावणी
काँग्रेसनगरच. ऑफिस अजून कुठे ठरलंय, आधी फाउंडेशन तर होऊ द्या. तिचं स्टॅटिस्टिक्स कच्चं आहे, कोणी रविवारी शिकवेल का? पोहे माझ्याकडून.

तर्रीपोहे
तर्री वेगळी की वरून टाकलेली, ते आधी सांगा.