बालसंगोपन या सरकारी मदत योजनेच्या अर्जासाठी मदत हवी आहे (गोवंडी, मुंबई)

आमच्या शिवाजीनगरच्या गल्लीत दोन भावंडं आहेत, ताई अकराची, धाकटा सहाचा. वडील गेल्या वर्षी वारले. आई देवनार डम्पिंगवर भंगार वेचते. ताईची शाळा सुटलीय. सकाळी नळावर हंडे लावते, मग दिवसभर भावाला कडेवर घेऊन फिरते. शाळेत जुना दाखला मागतात. खरं तर आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, पण आईचं ऐकतंय कोण!

बालसंगोपनचे महिना २,२५० रुपये मिळाले तर मोठा आधार होईल. अडचण एकच, घर भाड्याचं, करारनामा नाही. रहिवासी पुरावा म्हणून दुसरं काय चालतं? उपनगरात कुणी हा अर्ज केलाय का? दोघांचे वेगळे अर्ज लागतात का?