ओसरी, जर्मनी आणि 'मेड इन यूएसए'

नेकारकाठचा:
काल या फोरमवर एकाने ठोकून दिलं, "चान्सेलर मर्केलबाईंनी 2015 ला ओसरी दिली, आता निर्वासितांनी हातपाय पसरलेत, जर्मनी संपला." संपलेल्या जर्मनीतूनच लिहितोय. त्या वर्षी साधारण 8 लाख 90 हजार माणसं आली. आमच्याकडे शाळेच्या जिममध्ये खाटा पडल्या, पोरांची पीटी बंद. त्रास झाला, नाही कोण म्हणतंय? पण 2015 ला आलेल्यांपैकी 64 टक्के लोक 2024 मध्ये कामाला होते, एकूण लोकसंख्येत हेच प्रमाण 70 च्या आसपास. आई इथे आली असताना रात्री दोन वाजता तिला तपासणारा डॉक्टर सीरियातल्या अलेप्पोचा होता. बाकी चालू द्या.

स्पष्टवक्ता:
धागा माझ्याच कालच्या वाक्यावर आहे, तर ऐका. विदा (डेटा) अर्धा देऊ नका. बायकांचा आकडा वेगळा काढा, 35 टक्क्यांच्या आसपास आहे. 31 डिसेंबर 2015 ला कोलोनच्या स्टेशनाबाहेर बायकांवर हात टाकले गेले, ते तुमच्या धाग्यात नाही. निर्वासितांना विरोध करणारा एएफडी पक्ष निवडणुकीत 2017 ला 12.6 टक्के, 2025 ला 20.8. एवढे मतदार खुळे का?

नेकारकाठचा:
कोलोन राहिलं, मान्य. पण एएफडी 2013 ला निघाला तो युरोवर चिडून. आणि आजही त्याला भरघोस मतं पूर्वेकडे, जिथे परदेशी माणूस सगळ्यात कमी दिसतो. न पाहिलेल्याची भीती जास्त, दुसरं काय.

मधुरा_के:
तुमचं चालू द्या. आम्ही ब्लू कार्डवाल्यांनी (नोकरीच्या परवान्यावर आलेल्यांनी) काय घोडं मारलंय? कर वेळेवर, जर्मनची बी1 परीक्षा पास, आणि व्हिसा ऑफिसचं टर्मिन (अपॉइंटमेंट) सात महिन्यांनी! व्हिसा संपलेला, हातात तात्पुरता कागद, त्यावर प्रवास करावा की नाही हे कोणी छातीठोक सांगेना. आजीच्या तेराव्याला जाता आलं नाही. युक्रेनवाल्यांना मात्र 2022 ला सगळं लगेच.

नेकारकाठचा:
ताई, आजीचं ऐकून वाईट वाटलं. पण खिडकीत कारकून नाही, त्याचा राग रांगेतल्या माणसावर का?

मधुरा_के:
रांगेत उभे राहा, मग शिकवा.

कॅम्प_नंबर_चार:
ओसरीचा विषय निघालाच आहे म्हणून. आजोबा फाळणीत कराचीहून बोटीने आले. मुंबई, मग कल्याण कॅम्प. लष्कराच्या बराकी, दोन बिऱ्हाडांत गोणपाटाचा पडदा. 1949 ला त्याचं उल्हासनगर झालं. 'ह्यांनी बाजार खाल्ला' हे आजोबांनी कल्याणात रोज ऐकलंय.

स्पष्टवक्ता:
तुलनाच चूक. तुम्ही आपलेच होतात. देश तुटला म्हणून आलात.

कॅम्प_नंबर_चार:
'आपलेच' हे आता सुचतंय. आजी लिहायची अरबी लिपीत, मराठीचं अक्षर येत नव्हतं. भाजीवालीसुद्धा तिला 'निर्वाशी' म्हणायची. मी मात्र मराठी माध्यमातून दहावी.

स्पष्टवक्ता:
आणि तुमच्या मालावरचे 'मेड इन यूएसए'चे शिक्के? उल्हासनगर सिंधी असोसिएशन! तेही सांगा की.

कॅम्प_नंबर_चार:
आलात ना जातीवर! सत्तर वर्षं हाच एक विनोद. तुमच्या लग्नाचा बस्ता कुठे बांधला होता साहेब?

नेकारकाठचा:
हाहा. उत्तर द्या हो पुणेकर.

स्पष्टवक्ता:
उल्हासनगरलाच, गजानन मार्केट. स्वस्त पडलं, माल चांगला निघाला, शालू अजून आहे. झालं समाधान? म्हणून मर्केलबाई बरोबर ठरत नाहीत.

मधुरा_के:
माझ्या टर्मिनचं कोणी बोलणार आहे का?