‘फनी फेस’मधला तो पांढराशुभ्र चेहरा

‘फनी फेस’ या चित्रपटातल्या जोला (ऑड्री हेपबर्नची भूमिका) कुणी कुणी ग्रंथपाल म्हणतं, ते चूक. १९५७च्या ‘फनी फेस’मध्ये ती ग्रीनिच व्हिलेजमधल्या पुस्तकांच्या दुकानात कामाला असते, ग्रंथपाल त्याच वर्षीच्या ‘डेस्क सेट’ या दुसऱ्या चित्रपटात आहेत. असो, खरी गंमत डार्करूमची, म्हणजे फोटो छापायच्या अंधाऱ्या खोलीतल्या प्रसंगाची. तिथला डोळे, भुवया, ओठ एवढंच उरलेला जोचा चेहरा (चित्रपटातली छायाचित्रं फॅशन छायाचित्रकार रिचर्ड अ‍ॅव्हेडॉनची) घरी काढायचा तर चेहऱ्यावर समोरून सपाट प्रकाश, ४ किंवा ५ ग्रेडचा (म्हणजे काळं-पांढरं ठळक देणारा) ब्रोमाइड फोटो-कागद आणि एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली) कमी एक्स्पोजर, म्हणजे कमी प्रकाश. मग डेक्टॉल (कागदावर चित्र उमटवणारं रसायन, डेव्हलपर) एक भागाला दोन भाग पाणी, २०° सेल्सियस, पूर्ण दीड-दोन मिनिटं. घाईने कागद उचलला तर काळा रंग राखाडी, डागाळलेला येतो. डार्करूममधला लाल दिवा १५ वॉटचा आणि निदान सव्वा मीटर लांब हवा. जवळ असला तर कागदावर धुकट थर चढतो आणि तो नेमका पांढऱ्यावरच दिसतो.