माथेफिरू की थंड डोक्याचा? सीरियल किलरच्या पार्श्वभूमीचा विचार न्यायालयाने किती करावा?

अनुस्वार (धागाकर्ता)

एखादे खूनसत्र उघडकीस आले की आपल्याकडे मारेकऱ्याला पहिल्या दिवशी 'माथेफिरू' म्हटले जाते, दुसऱ्या दिवशी 'विकृत' आणि आठवड्याच्या आत 'थंड डोक्याने कट रचणारा'. हे तिन्ही शब्द एकाच माणसाला एकाच वेळी लागू पडणे अवघड आहे, याची कोणाला फारशी फिकीर नसते. माझे म्हणणे असे की मारेकऱ्याची मानसिक अवस्था आणि तो कुठून आला याची कसून तपासणी खटल्याच्या आरंभीच व्हायला हवी. ती फाशी सुनावल्यानंतर घाईघाईने उरकण्याची गोष्ट नाही.

यासाठी रामन राघवचे उदाहरण पुरेसे आहे. मुंबईत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांची डोकी लोखंडी हत्याराने फोडणारा हा माणूस ऑगस्ट १९६८ मध्ये पकडला गेला. १९६९ च्या खटल्यात नायर रुग्णालयाच्या मनोविकारतज्ज्ञाने त्याला दीर्घकाळचा स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा गंभीर मनोविकार) असल्याची साक्ष दिली, तर पोलीस सर्जनने महिनाभराहून अधिक काळ निरीक्षण करून तो वेडा नसल्याचा दाखला दिला, आणि सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. त्याने अपील केले नाही. शिक्षा कायम करण्यापूर्वी उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमायला सांगितले. मंडळाने पाच वेळा त्याच्याशी बोलणे केले, तेव्हा त्याच्या डोक्यातली दुनिया बाहेर आली: जगे दोन आहेत, एकात 'कानून' राहतो आणि दुसरे हे आपले, लोक आपल्याला बाईत बदलू पाहत आहेत, पण आपण १०१ टक्के पुरुष आहोत. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी निरोपाचा हात पुढे केला, तेव्हा आपण कानूनचे प्रतिनिधी आहोत, या दुष्ट जगातल्या माणसांना शिवत नाही, असे सांगून त्याने हात मिळवला नाही. पुढे फाशीची जन्मठेप झाली आणि १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मूत्रपिंडाच्या विकाराने गेला. हे मंडळ नेमलेच गेले नसते तर काय झाले असते, याचा विचार करावा.

पेठेतला

धागाकर्त्यांनी सोयीचे उदाहरण निवडले आहे. मी पुण्याचा, आणि १९७६-७७ चे जोशी-अभ्यंकर खूनसत्राचे दिवस मी शाळकरी वयात पाहिले आहेत. अंधार पडताच रस्ते ओस पडत, आणि ओळखीच्या आवाजालाही आई दार उघडत नसे. ज्यांच्यामुळे हे झाले ते जक्कल, सुतार, जगताप आणि मुनव्वर शाह हे टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. पहिला बळी त्यांचाच वर्गमित्र. त्याच्याकडून आपण घर सोडून जात असल्याची चिठ्ठी लिहून घेतली, नायलॉनच्या दोरीने गळा आवळला, मृतदेह लोखंडी पिंपात घालून पेशवे उद्यानाजवळच्या तळ्यात टाकला आणि मग वडिलांकडे खंडणी मागितली. आधी खून आणि नंतर खंडणी, हा क्रमच सगळे सांगून जातो. पुढे जोशी आणि अभ्यंकर ही घरेच्या घरे संपवली, एकूण दहा माणसे मारली. यात कोणता आजार होता आणि कोणते उपेक्षित बालपण? साक्षीदार मागे ठेवायचा नाही, हा हिशेब होता. १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली ती योग्यच झाली.

मानसशास्त्राच्या नावाखाली मारेकऱ्याचे बालपण चघळत बसले की मेलेल्यांची फक्त नावे उरतात, आणि राघवच्या बाबतीत तर तीही उरली नाहीत; फुटपाथवर झोपणाऱ्यांची नावे कोण लक्षात ठेवणार?

रानजाई

वीस वर्षे मनोरुग्णालयात समाजसेविका म्हणून काम केले, म्हणून लिहिते. आपण दोघे दोन वेगळ्या गोष्टींवर भांडत आहात. राघवला होता तो सायकोसिस, म्हणजे वास्तवाशी नाते तुटणे. 'सायकोपाथ' हा शब्द कानाला जवळचा वाटला तरी ती गोष्ट निराळी: त्या माणसाला वास्तव लख्ख दिसते, फक्त समोरच्याच्या दुःखाने त्याच्या आत काही हलत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची मोजपट्टी याचसाठी आहे. २० मुद्दे, कमाल ४० गुण, आणि साधारण ३० च्या वर गेल्यास हे निदान. जक्कलला ती कोणी लावल्याचे माझ्या वाचनात नाही, त्यामुळे त्याला घरबसल्या लेबल लावणेही मला मान्य नाही.

बालपणाविषयी म्हणाल, तर अंथरूण ओले करणे, आगी लावणे आणि प्राण्यांना छळणे ही त्रयी पुढे खुनी होण्याचे लक्षण म्हणून सर्रास सांगितली जाते. ती मनोविकारतज्ज्ञ मॅकडोनाल्ड यांनी १९६३ मध्ये शंभर रुग्णांच्या निरीक्षणावरून मांडली. ते रुग्ण जिवे मारण्याच्या धमक्या देणारे होते, सीरियल किलर नव्हते. आणि नंतरच्या अभ्यासांत या त्रयीला भक्कम आधार मिळाला नाही. तरी सातव्या वर्षी अंथरूण ओले करणाऱ्या मुलाची आई हे कुठेतरी ऐकून थरथरत आमच्याकडे येते. 'माथेफिरू' शब्दाचा भुर्दंडही असाच आमच्या रुग्णांच्या नातेवाइकांना पडतो. स्किझोफ्रेनियाचे बहुसंख्य रुग्ण कोणावर हात उगारत नाहीत, तरी घर भाड्याने मिळत नाही.

त्रिज्या

रानजाईताई, फरक मान्य. पण परिस्थितीचे काय करायचे? कोल्हापूरचे गावित प्रकरण घ्या. अंजनाबाई चोऱ्या करी, मुली रेणुका आणि सीमा तिच्याच हाताखाली तयार झाल्या. कडेवर मूल असले की चोरी पकडली गेली तरी लोक सोडून देतात, हे कळल्यावर १९९० ते १९९६ या काळात त्यांनी मुले पळवली. तेरा अपहरणे आणि नऊ हत्या असा आरोप होता. मूल रडू लागले किंवा निरुपयोगी झाले की संपवायचे. आता म्हणा, आईनेच बिघडवले! पण पकडल्या गेल्या तेव्हा त्या दोघी प्रौढ होत्या, रेणुकाला तर स्वतःचे मूलही होते. गरिबीत आणि चोरांच्या घरात हजारो मुली वाढतात. याउलट हॅरॉल्ड शिपमन हा इंग्लंडमधला डॉक्टर, चारचौघांसारख्या घरातला, चौकशीत त्याच्या नावावर दोनशेहून अधिक रुग्णांचे खून निघाले. ज्या कारणाने एक खुनी होतो आणि शेजारचे हजार जण होत नाहीत, त्याला कारण कसे म्हणायचे?

अनुस्वार

त्रिज्या, पाऊस हजार घरांवर पडतो आणि भिंत एकाचीच कोसळते, म्हणून भिंत का कोसळली याच्या चौकशीतून पाऊस वगळता येत नाही. मात्र एक गोष्ट कबूल करतो. गावित बहिणींच्या बाबतीत मी पार्श्वभूमीला शिक्षेत फार वजन देणार नाही. त्यांची फाशी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली, तीही दयेच्या अर्जाला लागलेल्या विलंबामुळे. माणूस समजून घेण्याशी त्या निकालाचा संबंधच नव्हता, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

काळा डगला

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. भारतीय दंड संहितेचे कलम ८४, जे आता भारतीय न्याय संहितेत कलम २२ आहे, फक्त एवढेच विचारते: कृत्य करताना, मनोविकलतेमुळे, त्याला कृत्याचे स्वरूप किंवा ते चुकीचे वा बेकायदा असल्याचे कळण्याची क्षमता नव्हती काय? बालपण तिथे येत नाही. ते येते शिक्षेच्या टप्प्यावर. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बचन सिंग निकालापासून गुन्हेगाराची परिस्थितीही तोलावी लागते, आणि २०२२ च्या मनोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची मानसिक तपासणी आणि पूर्वायुष्याची माहिती खालच्या न्यायालयापुढेच मांडावी, असे बजावले. म्हणजे धागाकर्त्यांची मागणी कागदावर मान्य झालेलीच आहे.

पेठेतला

कागदावर! पण तपासणार कोण? राघवला एका डॉक्टरने आजारी ठरवले, दुसऱ्याने धडधाकट, आणि तिघांच्या मंडळाने पुन्हा आजारी. मुंबईसारख्या शहरात ही अवस्था, तर तालुक्याच्या ठिकाणी काय होईल? शिवाय तो नावे बदलून राहत होता, सिंधी दलवाई काय, अण्णा काय. पकडले जाऊ नये एवढे ज्याला कळते, त्याला कायदा कळत नव्हता हे मला पटत नाही.

रानजाई

लपणे आणि चूक समजणे या दोन गोष्टी नेहमी एकत्र असतातच असे नाही. आमच्याकडे एक आजोबा होते, जे जेवणात विष घालतात म्हणून ताट पलंगाखाली दडवत. परिचारिकेपासून लपवण्याची पूर्ण अक्कल त्यांना होती, पण विष मात्र कधीच नव्हते. राघवचे पोलीस सर्जनच्या दाखल्यातले वर्णन पाहा: स्मरणशक्ती चांगली, बुद्धी सर्वसाधारण. हे खरेही असेल, कारण या आजारात या दोन गोष्टी पुष्कळदा शाबूत राहतात. कानून कुठे राहतो, हे मात्र त्याच्यासमोर तासन्‌तास बसून ऐकावे लागते, आणि मंडळातल्या तिघांनी ते केले. तालुक्याच्या ठिकाणी एवढा वेळ कोण देईल, या तुमच्या प्रश्नावर मात्र मी निरुत्तर आहे.