मधमाश्यांची पेटी खचत चाललीय, जाळ्याही दिसल्या... पोळ्याचं मेण खाणारा मेणपतंगच असेल ना?

रानवारा
नमस्कार मंडळी, माझ्याकडे मेलिफेराच्या (युरोपियन मधमाशीच्या) दोन पेट्या आहेत, शेजारी शेजारी. एक जोरात चाललीय आणि दुसरी महिन्याभरात अशी उतरली की आठ फ्रेम (पोळ्याच्या चौकटी) भरून माश्या असायच्या तिथे आता जेमतेम तीन झाकल्या जातात. काल उघडली तर कडेच्या दोन फ्रेममध्ये पांढरी जाळी, आत अळ्या, बारीक काळी विष्ठा. बघून धस्सच झालं. मधल्या फ्रेमवर ब्रूड (अंडी, अळ्या, कोष) आहे पण सलग नाही, विखुरलेलं, ब्रूडच्या घरांच्या काही झाकणांना भोकं पडलेली. पेटीसमोर काही माश्या नुसत्या चालतात, उडतच नाहीत, दोनतीन जणींचे पंख चुरगळलेले होते. राणी दिसली नाही. मेणपतंगावर काय मारू? की उरलेल्या माश्या चांगल्या पेटीत मिसळून टाकू? शून्यातून वाढवलेली वसाहत आहे हो, जीव तुटतो बघून.

पोळेकर
ताई आधी एक, मिसळू नका, काही झालं तरी आत्ता नको. जे काही आहे ते चांगल्या पेटीत जाईल.
दुसरं म्हणजे मेणपतंग हे कारण नाही, परिणाम आहे. भरलेल्या पेटीत माश्या त्याच्या अळ्या स्वतःच ओढून बाहेर टाकतात, पोळ्यावर राखण करायला माश्याच उरल्या नाहीत की मग तो पसरतो. म्हणजे माश्या आधी कमी झाल्या, पतंग नंतर आला. चुरगळलेले पंख वाचले आणि माझा संशय सरळ व्हरोआ माइटवर (माश्यांवर जगणारी बारीक कीड) गेला, तो पंख बिघडवणारा व्हायरस पसरवतो. माश्यांच्या अंगावर माइट दिसला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, बरेचसे झाकलेल्या घरांतच असतात.
मोजून बघा. ब्रूडच्या फ्रेमवरून अर्धा कप माश्या घ्या (साधारण 300 होतात, राणी त्यात नाही ना हे दोनदा बघा), जाळीचं झाकण असलेल्या बरणीत घाला, वरून दोन चमचे पिठीसाखर, बरणी लोळवा, दोनतीन मिनिटं सावलीत ठेवा आणि मग पांढऱ्या ताटात जोरात हलवा. साखरेवर थोडं पाणी शिंपडलं की लालसर तपकिरी ठिपके उरतात, ते माइट. माश्या परत सोडता येतात. 100 माश्यांमागे 3 च्या वर गेले तर थांबायचं नाही, उपचार करायचाच.

मधुछंद
राणी दिसली नाही म्हणून ती नाहीच असं नका धरू, अंडी शोधा. सूर्य पाठीमागे ठेवून फ्रेम तिरकी धरा. अंडं 3 दिवसांत फुटतं, त्यामुळे घराच्या तळाशी मधोमध एकेक अंडं दिसलं तर राणी तीन दिवसांपूर्वीपर्यंत तरी होती. एकाच घरात चारपाच अंडी, तीही भिंतीला चिकटलेली, आणि कामकरी घरांवर फुगीर झाकणं असतील तर कामकरी माश्याच अंडी घालतायत, मग गोष्ट वेगळी.

सातेरीप्रेमी
भोकं पडलेली झाकणं म्हटलंत म्हणून सांगतो, हे अजिबात सोडू नका. आगकाडी आत घालून हळू बाहेर ओढा. तपकिरी चिकट तार दोनतीन सेंटीमीटर लांबली, झाकणं खोल गेलेली आणि वास कुजका असेल तर अमेरिकन फाउलब्रूडची (अळ्या कुजवणारा जिवाणूंचा रोग) दाट शंका. त्याचे बीजाणू कित्येक वर्षं टिकतात, फ्रेम इकडच्या तिकडे करायच्या नाहीत, हत्यारंही वेगळी ठेवा आणि लॅबमध्ये तपासून घ्या. युरोपियन फाउलब्रूडमध्ये अळी बहुतेक झाकण लागायच्या आधीच मरते, पिवळट होऊन घरात वाकडी पडलेली दिसते, तार नाही निघत.
माझ्याकडे सातेरी (देशी मधमाशी) आहे, तिच्यात व्हरोआ मुख्यतः नरांच्या ब्रूडमध्येच वाढतो त्यामुळे एवढा त्रास देत नाही, आमची डोकेदुखी थाई सॅकब्रूड हा विषाणूचा रोग, अळी पाण्याची पिशवी होऊन मरते आणि त्यावर औषध नाही. तुमचं मेलिफेरा म्हणजे पोळेकर म्हणतायत तेच आधी बघा.

रानवारा
आज सगळं केलं. तार नाही निघाली, वासही नाही. अंडी आहेत, एकेकच, म्हणजे राणी आहे! पण ताटात 24 माइट मोजले, हात थरथरत होते. भोकं पडलेल्या घरांच्या आत वरच्या बाजूला पांढरे कण चिकटलेत, ते काय?

पोळेकर
ती माइटची विष्ठा. 300 ला 24 म्हणजे 8 टक्के, खूपच आहे. तरी राणी चालू आहे आणि फाउलब्रूडची लक्षणं नाहीत, त्यामुळे प्रयत्न करण्यासारखं नक्की आहे.
माइट मारायला देतात ते ऑक्झॅलिक ॲसिड झाकणाच्या आत पोचत नाही, ब्रूड असताना एकदा देऊन भागत नाही. फॉर्मिक ॲसिड आत पोचतं पण उष्णता जास्त असेल तर राणी जाऊ शकते, लेबलवरचं तापमान बघूनच द्या. दुसरा मार्ग, राणी जाळीच्या पिंजऱ्यात 24-25 दिवस ठेवायची, कामकरी 21 दिवसांत आणि नर 24 दिवसांत बाहेर पडतो, सगळं ब्रूड निघून गेलं की मग ऑक्झॅलिक. पण तुमच्याकडे तीनच फ्रेम माश्या, नव्या ब्रूडमध्ये एवढा खंड त्यांना झेपणार नाही, हवा फार तापलेली नसेल तर मी फॉर्मिकच घेईन. हातमोजे आणि चष्मा हवाच, काढायचा मध पेटीवर असताना काहीच देऊ नका.
माश्या जेवढ्या फ्रेम झाकतात तेवढ्याच आत ठेवा, दार एकदोन माश्या जातील एवढं बारीक करा नाहीतर शेजारची पेटी लूट करेल. जाळीच्या फ्रेम दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवल्या की अंड्यांसकट पतंग मरतो.
आणि ती जोरात चाललेली पेटी, तिचेही माइट याच आठवड्यात मोजा.

रानवारा
तिचं डोक्यातच नव्हतं आलं. उद्या सकाळी मोजते, आकडा इथेच टाकते.