बारावीनंतर बीएस्सी की आयटीआय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही यावल तालुक्यातले, घरची तीन एकर केळी. मुलगा यंदा बारावी सायन्स पास झाला, ५८ टक्के. त्याच्या वडिलांचं म्हणणं बीएस्सी कर, घरात पहिला पदवीधर होशील. त्याला मात्र आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड घ्यायचा आहे.

त्याचा हात चालतो हे मी डोळ्यांनी बघितलंय. मे महिन्यात ऐन उन्हात बोअरची मोटर जळाली. केळीला दोन दिवस पाणी नाही म्हटल्यावर माझा जीव खालीवर. वाइंडिंगवाल्याकडे आठ दिवसांची रांग होती. हा त्याच्याच दुकानात बसून रात्रभर कॉइल भरू लागला आणि तिसऱ्या दिवशी ड्रीप सुरू झालं. तेव्हापासून त्याचं मन तिकडेच आहे.

माझा जीव अडकतो तो वेगळ्याच गोष्टीत. आमच्याकडे सोयरिकीत पहिला प्रश्न शिक्षणाचा असतो. मुलाचं मन मारायचं नाही, पण उद्या त्याला कुणी कमी लेखलेलंही बघवणार नाही.

दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, हे खरं ना? कुणाच्या मुलाने तसं केलंय का, गणित जड गेलं का? अप्रेंटिसशिपसाठी भुसावळकडे रेल्वेत प्रयत्न करावा की जळगावच्या पाइप कारखान्यांत? आणि नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून पदवी जमते का? प्रवेशाचे दिवस जवळ आलेत, अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.